झिजलेली फरशी आणि घिसाईचे शास्त्र

एखाद्या जुन्या महाविद्यालयात विद्यार्थी कोणत्या दारातून अधिक ये-जा करतात हे पाहण्यासाठी हजेरीपट चाळण्याची गरज नसते. दारातील फरशी पाहिली म्हणजे पुरे. आपल्या जुन्या इमारतीत ग्रंथालयाच्या दारातील शहाबादी फरशी अजून बऱ्यापैकी सपाट आहे. उपाहारगृहाकडे जाणाऱ्या बोळातील फरशी मात्र मधोमध ताटलीसारखी खोलगट झाली आहे. यावरून ज्याला जो निष्कर्ष काढावयाचा तो त्याने काढावा. मला येथे लिहावयाचे आहे ते त्या खोलगटपणाविषयी.

ती फरशी पायांनी झिजली असे आपण सहज म्हणतो. परंतु पाय, कातडे, रबर ही सारी दगडापुढे मऊ द्रव्ये आहेत. दगड झिजवण्याचे काम करतो तो चपलेच्या तळाला चिकटून आलेला वाळूचा कण. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोझ याने १८१२ साली खनिजांच्या कठिणतेची एक श्रेणी मांडली. जे खनिज दुसऱ्यावर ओरखडा काढते ते अधिक कठीण, एवढाच तिचा साधा पाया. सर्वांत मऊ अशा शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १०. शहाबादी फरशी हा चुनखडक. त्यातील मुख्य खनिज कॅल्साइट, आणि त्याची कठिणता ३. रस्त्यावरच्या धुळीत जे गारेचे कण असतात ते क्वार्ट्झचे, त्यांची कठिणता ७. म्हणजे आपण चपलेखाली कानस बांधून घरभर हिंडतो असे म्हणावयास हरकत नाही.

ही झीज बेशिस्त असते. कण लहान-मोठे, दिशा हवी तशी, दारात फार आणि कोपऱ्यात मुळीच नाही. कारागीर यंत्र लावून फरशी घासतो तेव्हा तो नेमके हेच करतो, फक्त शिस्तीने: ठरावीक आकाराचे कण, ठरावीक क्रम आणि सर्वत्र सारखी झीज. झिजलेल्या फरशीवर उपाय म्हणून आणखी झीज करावयाची, हे ऐकून अनेकांना विचित्र वाटते. माझ्या घरातील मंडळींनाही वाटले होते. म्हणूनच हा विषय थोडा तपशिलात सांगावा असे मनात आले.

आधी दगडाची ओळख हवी. आपल्या भागातील जुन्या घरांत जी राखाडी, निळसर किंवा पिवळसर फरशी असते ती कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद या गावाच्या नावाने ओळखली जाते. (या अंकाच्या कन्नड विभागातील आपले मित्र तिला 'शहाबाद कल्लु' म्हणतात, दगड एकच.) भीमेच्या खोऱ्यातील हा खडक एका अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून बनला आणि आजही तो त्या थरांवरच उकलतो. पाथरवट छिन्नी लावून वहीचे पान उलटावे तशी फरशी सोडवतो. राजस्थानातील कोटा फरशीही अशीच थरांचा चुनखडक आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा काळा कडप्पा त्याच कुळातला. मकराण्याचा संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाब यांनी नवे स्फटिकरूप घेतलेला चुनखडकच. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही सारी भावंडे आहेत, सर्वांच्या अंगी कॅल्शियम कार्बोनेट. इलकलचा तांबडा ग्रॅनाइट मात्र परक्या घरातला. त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही कठीण खनिजे असतात, म्हणून त्याला लागणारे घर्षणद्रव्य वेगळे आणि वेळही अधिक.

आपल्या घरातील दगड कोणत्या कुळातला हे ठरवण्यास प्रयोगशाळा लागत नाही. कपाटाखालच्या, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या कोपऱ्यात लोखंडी खिळ्याने हलकी रेघ ओढावी. चुनखडकावर ती उमटते, ग्रॅनाइटवर उमटत नाही. तेथेच लिंबाच्या रसाचा एक थेंब पाच मिनिटे ठेवून पुसला आणि जागा निस्तेज दिसू लागली, तर दगड चुनखडकाच्या कुळातला समजावा. ही दुसरी परीक्षा स्वयंपाकघरात आपण नकळत रोज घेत असतो. चिंचेच्या कोळाने, आमसुलाच्या पाण्याने, आंबट ताकाने.

आता निस्तेजपणा म्हणजे काय? दगडाचा रंग उडतो असे लोक समजतात. रंग दगडाच्या अंगात असतो, तो उडून जात नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एका ठरावीक दिशेने परततो, म्हणून आपल्याला झळाळी दिसते आणि तिच्याखालचा गडद रंगही स्वच्छ दिसतो. पृष्ठभागावर असंख्य ओरखडे पडले म्हणजे प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि दगडावर पांढुरकी साय आल्यासारखी वाटते. बर्फ पारदर्शक, पण त्याचा किस पांढरा दिसतो, त्यातलाच हा प्रकार. यावर एक फार सोपा प्रयोग आहे. निस्तेज फरशीवर तांब्याभर पाणी ओतावे. पाणी ओरखड्यांत भरते, वर स्वतःचा सपाट पृष्ठभाग तयार करते आणि दगड एकदम गडद, टवटवीत दिसतो. घासून पॉलिश केल्यावर फरशी जवळजवळ तशीच दिसणार. ओली असताना आवडली नाही, तर पॉलिश केल्यावरही आवडणार नाही.

शहापुरातील आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न उभा राहिला. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि देवाची खोली, इतक्या भागात आजोबांच्या वेळची शहाबादी फरशी. माजघरात चालण्याची वाट उघड दिसे, काही सांधे उखडले होते, आणि दोन फरश्या पाय ठेवला की डुगडुगत. घरात आता काकू एकट्याच राहतात. पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, हे सगळं काढून टाकू आणि व्हिट्रिफाइड टाइल्स घालू. चकाचक होईल." त्याचा हेतू चांगलाच होता, आईच्या पायाला ठेच लागू नये. परंतु फरशी उखडणे म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे तोच जाणे. घर महिनाभर अंगणात येते, ट्रॉलीने राडारोडा जातो, जुन्या भिंतींचे पाये हादरतात. आहे त्या फरशीवरच टाइल्स चिकटवाव्यात तर जमीन इंच-दीड इंच वर येते, मग सागवानी दारे खालून कापा, उंबरे बुडवा. काकूंनी एकच प्रश्न विचारला: "उंबरा बुडाला तर मी हळदीकुंकू कुठे वाहू?" चुलतभाऊ गप्प झाला.

दुसरा सल्ला एका दुकानदाराने दिला होता: अॅसिड टाकून घासा, फरशी पांढरी स्वच्छ होईल. रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. प्रयोगशाळेत संगमरवराच्या तुकड्यांवर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून आपण कार्बन डायऑक्साइड तयार करतो. घरी फरशीवर आम्ल ओतले की हीच क्रिया होते. जो फेस उसळतो तो मळाचा नसतो, आपल्या फरशीचा असतो. मळ निघतो, कारण मळाखालचा दगडच विरघळून जातो. पृष्ठभागावर खळगे पडतात, त्यांत दुप्पट मळ बसतो, आणि पुढल्या वर्षी पुन्हा आम्ल लागते. शिवाय या क्रियेत तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओल शोषून घेणारे द्रव्य आहे. ते नीट धुतले गेले नाही तर पावसाळ्यात फरशी पुसली तरी चिकट आणि ओलसर राहते. न्हाणीघरांच्या फरश्या खरखरीत झालेल्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा वापराने नव्हे, या 'स्वच्छते'ने खराब झालेल्या असतात.

शेवटी घिसाईचे ठरले. विजापूरकडचा एक मिस्त्री आणि त्याचा भाचा असे दोघे आले. मिस्त्री घरात शिरल्यावर त्याने आधी यंत्र उतरवले नाही. एक रुपयाचे नाणे घेऊन तो गुडघ्यांवर बसला आणि एकेका फरशीवर टकटक करीत सर्व खोल्या हिंडला. भक्कम बसलेली फरशी ठणठणीत आवाज देते, खालचा चुना सुटलेली पोकळ वाजते. पोकळ वाजणाऱ्या फरश्यांवर त्याने खडूने फुल्या मारल्या. एकूण अकरा निघाल्या. जड यंत्र अशा फरशीवर फिरले तर ती दुभंगते, म्हणून तिला आधी उचलून, खालची गादी नीट करून पुन्हा बसवावे लागते. मग त्याने दोरी ताणून आणि पाणसळ लावून पातळी पाहिली. सर्वांत शेवटी ओलेपणाची परीक्षा: माजघरात मध्यावर पाणी ओतून तो काकूंना म्हणाला, "अव्वा, बघा की. आत्ता दिसतंय तसंच दिसणार. पसंत हाय काय सांगा, मग मशीन काढतो." मला या माणसाचे कौतुक वाटले. प्रकाशाच्या विखुरण्याचा जो नियम मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो तो त्याने तांब्याभर पाण्यात सांगितला, आणि गिऱ्हाइकाची संमतीही घेतली.

सांधे भरण्यातही कसब आहे. जुना, मऊ पडलेला चुना-सिमेंट खरवडून काढायचा, सांधा धुऊन कोरडा करायचा आणि मग दर्जा भरायच्या. नुसते पांढरे सिमेंट भरले तर राखाडी फरशीवर पांढऱ्या रेघांची जाळी दिसते. मिस्त्रीने उखडलेल्या फरशीचा एक तुकडा कुटून त्याची पूड सिमेंटमध्ये मिसळली. भरलेले सांधे दोन दिवस ओले ठेवून पक्के होऊ दिले. या दोन दिवसांच्या खाड्याबद्दल गिऱ्हाइके कुरकुर करतात. परंतु कच्चा सांधा यंत्राखाली उखडतो आणि त्यातून निघालेले खडे फरशीवर ओरखडे काढतात.

यंत्र दिसायला साधे आहे. उभ्या दांड्याला दोन मुठी, खाली मोटर, आणि तिच्याखाली फिरणाऱ्या तबकडीत बसवलेले घर्षणाचे ठोकळे. पाणी सतत सोडलेले. ठोकळ्यांवर आकडे असतात: ६०, १२०, २२०, ३२० किंवा ४००. आकडा जितका मोठा तितका कण बारीक, कारण मुळात हा आकडा चाळणीच्या एका इंचात किती छिद्रे यावरून आला. ६० नंबरचा कण सुमारे पाव मिलिमीटरचा असतो. १२० चा त्याच्या निम्म्याहूनही लहान. २२० चा मिलिमीटरच्या सहा शतांशाच्या आसपास. पुढचे कण बोटांना पिठासारखे लागतात.

पहिला हात ६० नंबरचा. एका फरशीची कड शेजारणीपेक्षा वर आली असेल तर ती याच वेळी उतरते आणि चालण्याच्या वाटेचा खोलगटपणाही शक्य तितका याच वेळी जातो. दगड खऱ्या अर्थाने कापला जातो तो येथे. बाकीचे सर्व हात म्हणजे आधीच्या हाताने काढलेले ओरखडे पुसण्याचे काम. ६० ने पाडलेले खोल चर १२० ने जातील आणि त्याजागी उथळ चर येतील. ते २२० ने जातील. असे करीत करीत चर इतके बारीक होतात की प्रकाशाला ते जाणवेनासे होतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन-हजारांश भाग. पृष्ठभागावरचे चढउतार त्याच्याही खाली गेले की आरसा तयार होतो.

यातूनच एक गोष्ट निघते आणि माझ्या मते सर्व घिसाईत महत्त्वाची तीच आहे: मधला आकडा गाळता येत नाही. ६० नंतर एकदम २२० घेतला तर तो बारीक कण ६० च्या चरांच्या माथ्यांवरून फिरत राहतो, तळापर्यंत पोचत नाही. दुपारी वरून उजेड असताना फरशी छान दिसते. पैसे दिले जातात, कारागीर जातो, आणि संध्याकाळी दारातून तिरपे ऊन आले की फरशीभर गोल गोल रेघा उमटतात. ज्याला काम पारखून घ्यायचे असेल त्याने प्रत्येक हातानंतर फरशी धुऊन, वाळवून, विजेरी जमिनीला समांतर धरून पाहावे. धुणेही मनापासून हवे. पहिल्या हाताचा एखादा भरड कण कोपऱ्यात राहिला आणि शेवटच्या हातात यंत्राखाली आला, तर तो एकटा सगळ्या खोलीचे काम बिघडवतो.

या ठोकळ्यांतील कण कशाचे, हा प्रश्न भाचा-मामांना विचारला तेव्हा भाच्याने झटकन उत्तर दिले, "कार्बोरंडम." या शब्दाची कथा आपल्या वाचकांना आवडावी. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड गुडरिच अॅचेसन हा गृहस्थ विजेच्या भट्टीत माती आणि कोळसा तापवून कृत्रिम कठीण द्रव्य बनवण्याच्या खटपटीत होता. त्याला चमकदार स्फटिक मिळाले. ते कार्बन आणि कोरंडम यांचे संयुग असावे असे वाटून त्याने दोन्ही शब्द जोडून 'कार्बोरंडम' हे नाव ठेवले. वस्तुतः ते सिलिकॉन कार्बाइड होते, कठिणता ९ च्या वर. नावातला 'कोरंडम' मात्र मूळचा आपल्याकडचा. तमिळ 'कुरुंदम्', संस्कृत 'कुरुविंद' आणि मराठीत ज्याच्यावर आजी विळी पाजवीत असे तो 'कुरुंद', हे सारे त्याचेच गोत्र. लाखेत कुरुंदाची पूड कालवून चाके बनवायची आणि त्यांवर रत्ने घासायची ही आपल्या जुन्या रत्नकारांची रीत होती. कण बांधून ठेवायला एक द्रव्य आणि कापायला कठीण कण, आजच्या ठोकळ्याची घडणही तीच. आपल्या किल्ल्यातील कमल बस्ती इ.स. १२०४ ची. तिच्या खांबांवरची कातीव, गुळगुळीत वलये ज्यांनी हात फिरवून पाहिली असतील त्यांना दगडाला झळाळी आणण्याची विद्या या मातीत किती जुनी आहे हे वेगळे सांगावयास नको. अलीकडे हिऱ्याचे कण बसवलेल्या चकत्या आल्या आहेत. १९५४ साली प्रयोगशाळेत हिरा तयार झाला आणि पुढे तो उद्योगात उतरला, त्याचे हे फळ. ग्रॅनाइटला त्या हव्यातच. चुनखडकाला कार्बोरंडम पुरतो.

शेवटच्या बारीक हातानंतर ऑक्झॅलिक आम्लाची पूड येते. मघाशी आम्लाला नावे ठेवली आणि आता हे काय, असे कोणी विचारील. फरक क्रियेच्या फलात आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाने होणारे कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळून जाते. ऑक्झॅलिक आम्लाने होते ते कॅल्शियम ऑक्झॅलेट, जे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते जागच्या जागी, दगडाच्या अंगावर अतिशय पातळ थर धरून राहते, आणि त्यावर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, ठोकळा फिरवला की झळाळी येते. हे ऑक्झॅलेट आपल्या ओळखीचे आहे. अळूचे फतफते नीट शिजले नाही तर घसा खवखवतो तो त्याच्याच सुईसारख्या स्फटिकांनी; मुतखडाही पुष्कळदा त्याचाच असतो. प्रमाण फार लागत नाही. सरकारी बांधकामाच्या नियमपुस्तकांत चौरस मीटरला ३३ ग्रॅम असा आकडा असतो. ही पूड विषारी आहे, हे मात्र विसरू नये. भाचा ती उघड्या हातांनी पसरू लागला तेव्हा मी घरातले रबरी हातमोजे आणून दिले, आणि काकूंनी मांजर बाहेर काढले.

किती दगड जातो, ही भीती सर्वांना असते. नेहमीच्या घिसाईत साधारण मिलिमीटरभर, वर आलेल्या कडांवर त्याहून थोडा अधिक. इंचभर जाडीच्या फरशीला हे सहज सोसते, पण दर दोन वर्षांनी यंत्र लावण्याची हौस सोसणार नाही. शहाबादीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. ती थरांची असल्यामुळे एखाद्या फरशीचा वरचा पापुद्रा आतून सुटलेला असतो. अशा ठिकाणी खोल खळगा नाहीसा करण्याच्या हट्टाने घासत बसलो तर पापुद्राच निघून येतो. आमच्या स्वयंपाकघरात पाट्या-वरवंट्याच्या जागी असा एक खळगा होता. मिस्त्री म्हणाला, "हा राहू द्या सर. याच्या मागं लागलो तर चार फरश्या खाली जातील." तो राहिला आहे. मला तो डोळ्यांत खुपत नाही, आणि काकूंना तर तो त्यांच्या सासूबाईंचा वाटतो.

घासून जे जात नाही त्याचाही विचार आधी करावा. जुन्या घरांतील फरशी मुरूम आणि चुन्याच्या गादीवर बसवलेली असते. जमिनीतली ओल वर येते, सोबत क्षार आणते आणि सांध्यांच्या कडेने पांढरी भुकटी फुलते. ही ओल जोवर आहे तोवर घिसाई केल्याने भुकटी जाणार नाही. आधी गटार, पन्हळ, भिंतीलगतची माती पाहावी. या ओलीवर उपाय म्हणून फरशीला चकचकीत वार्निशासारखा लेप देणारे लोक भेटतात. त्यांना नम्रपणे दारातूनच परत पाठवावे. लेपाखाली ओल कोंडते, लेप पापुद्र्यांनी सुटतो, आणि दगड आतून खचू लागतो.

झळाळी कुठे थांबवावी यावर आमच्या घरी खरा वाद झाला. चुलतभावाला आरसा हवा होता. फोनवरून तो सांगत होता, "टाइल्स नाही तर निदान टाइल्ससारखं तरी दिसू दे." मिस्त्रीचीही करून दाखवण्याची तयारी होती. पण काकूंचे वय अठ्ठ्याहत्तर, पहाटे उठून ओल्या पायांनी देवघरात जाण्याची सवय. गुळगुळीत दगड कोरडा असताना फारसा घसरत नाही. त्यावर पाण्याचा पातळ थर आला की पाऊल आणि दगड यांचा संबंध तुटतो आणि पाऊल पाण्यावर तरंगते. खरखरीत दगडात त्या पाण्याला शिरायला जागा असते. या वयात मांडीचे हाड मोडणे म्हणजे काय हे ज्यांच्या घरात घडले आहे त्यांना सांगावयास नको. म्हणून सोपा आणि माजघर यांना पूर्ण पॉलिश केले, देवघर आणि स्वयंपाकघर २२० वर थांबवले, आणि न्हाणीकडच्या पट्ट्याला ६० नंतर एक १२० चा हात देऊन सोडून दिले. चुलतभाऊ दिवाळीला आला तेव्हा त्याने स्वयंपाकघर पाहून तोंड वाकडे केले. काकू त्याला म्हणाल्या, "तू पुण्यात आरशावर चाल, मी इथं जमिनीवर चालते."

एका बाबतीत मात्र मी मिस्त्रीशी हुज्जत घातली. मोठे यंत्र पाण्यावर चालते, त्यामुळे धूळ उडत नाही, राखाडी राड होते. कोपऱ्यांत आणि भिंतीच्या कडेला ते पोचत नाही. तेथे हातातले छोटे यंत्र लावतात आणि ते बहुधा कोरडे चालवतात. भाचा तोंडाला रुमाल बांधून बसला, आणि दोन मिनिटांत खोलीत समोरचे दिसेना. चुनखडकात सिलिका कमी असते हे खरे, पण मुळीच नसते असे नाही. आणि तोच मुलगा उद्या ग्रॅनाइट घासतो, परवा वालुकाश्म. त्यांच्या धुळीत क्वार्ट्झ भरपूर असते. तिचे जे कण डोळ्यांना दिसतात ते नाकात अडतात. जे दिसत नाहीत ते फुप्फुसाच्या तळाशी जाऊन कायमचे बसतात, तेथे व्रण होऊन फुप्फुस कठीण होत जाते. याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारे औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली या धुळीची कर्करोगकारक द्रव्यांत निश्चित गणना केली. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार याच रोगाने ऐन तारुण्यात गेले. आपण लहानपणी ज्या पेन्सिलींनी अक्षरे गिरवली त्यांची ही दुसरी बाजू आहे. रुमालाने हे कण अडत नाहीत. त्याला चेहऱ्यावर घट्ट बसणारा, बारीक धुळीसाठीच बनवलेला मुखवटा लागतो, आणि त्याहून चांगले म्हणजे धूळ उडूच न देणे. मिस्त्री म्हणाला, "सर, कोपरे पाण्यानं करायचे म्हणजे दीड दिवस जास्त लागतोय." मी म्हटले, लागू द्या. उरलेले कोपरे भाच्याने पाणी शिंपडून, हातात ठोकळा धरून घासले. त्या दीड दिवसाची मजुरी आम्ही वेगळी दिली. घिसाईचे दर ठरवताना गिऱ्हाइकाने हा खर्च पहिल्यापासून धरावा. कारागीर तो स्वतःहून सांगणार नाही, कारण सांगितला तर काम दुसऱ्याकडे जाईल अशी त्याला भीती असते. पाणी आणि वीज एकत्र असल्यामुळे घरात गळती झाल्यास वीज तोडणारे बटण बसवलेले आहे की नाही, हेही आधी पाहून घ्यावे.

घिसाईनंतरची निगा अगदी थोडी. दाराबाहेर एक आणि आत एक असे जाड काथ्याचे पायपुसणे, म्हणजे गारेचे कण बाहेरच राहतील. झाडू आधी आणि ओले फडके नंतर. धुळीवरच ओले फडके फिरवणे म्हणजे हाताने केलेली घिसाई. पुसायला साधे पाणी, क्वचित साबणाचे थेंब. फरशी पुसण्याची जी द्रावणे बाजारात मिळतात त्यांच्या बाटलीवर आम्लाचा उल्लेख असेल तर ती बाटली संडासापलीकडे येऊ देऊ नये. आंबट काही सांडले तर ते लगेच टिपावे.

राहता राहिली ती राड. चार खोल्यांच्या घिसाईतून बादल्याच्या बादल्या राखाडी चिखल निघतो आणि तो सरळ मोरीत ओतण्याची प्रथा आहे. आतल्या सिमेंटच्या अंशामुळे तो नळात घट्ट बसतो आणि पुढच्या पावसात अंगण तुंबते. आम्ही तो परसात गोणपाटावर ओतून निथळू दिला. आठवड्यात त्याची ढेकळे झाली, ती पोत्यांत भरून राडारोड्याच्या गाडीत दिली. त्यातली किलोभर स्वच्छ पूड चाळून, नाव लिहून, काकूंनी बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवली आहे. एखादा सांधा पुन्हा उखडला तर पांढऱ्या सिमेंटमध्ये कालवायला त्याच फरशीचा रंग हाताशी असावा म्हणून.